झऱ्याकाठची आमरी : फ्रॅग्मिपीडियमची जोपासना आणि ओळख

आमरी, म्हणजेच ऑर्किड, वाढवू लागलेल्या प्रत्येकाला पहिला धडा मिळतो तो असा की मुळे ओली राहिली तर कुजतात, म्हणून पाणी घालावे आणि पुढच्या पाण्याआधी कुंडी वाळू द्यावी. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हांडा यांच्या बाबतीत हा धडा खरा ठरतो. फ्रॅग्मिपीडियम या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ‘लेडीज स्लिपर’ (फुलात सपातेसारखी पिशवी असलेल्या) ऑर्किडच्या बाबतीत मात्र तो जसाच्या तसा पाळला, तर झाड हळूहळू वाळत जाते आणि आपण सगळे नियमाप्रमाणे केले होते, मग चुकले कुठे, असा प्रश्न पडतो. या प्रजातीतील (genus) बहुतेक जातींना (species) मुळाशी सतत ओल लागते. काहींची कुंडी तर पाण्याच्या बशीत उभी ठेवलेलीच चांगली. पाणी किती घालावे हा येथे दुय्यम प्रश्न असून पाणी कोणते घालावे हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक झाडे पाण्याच्या कमतरतेने नव्हे, तर पाण्यातील क्षारांनी गेलेली आहेत.

झाडाचे मूळ ठिकाण पाहिले की हे सहज उमगते. दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हिया आणि ब्राझीलपर्यंत या प्रजातीच्या वीस-पंचवीस जाती पसरलेल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढतात, जेथे ढग डोंगराला अडतात आणि कड्यांवरून पाणी पाझरत राहते. गवतासारख्या बारीक पानांची पिअरसी ही जाती इक्वाडोर आणि उत्तर पेरूमधील ओढ्यांच्या काठी खडकाला धरून राहते आणि ओढ्याला पूर आला की काही वेळ पाण्याखालीही जाते. बेसी ही लाल फुलांची जाती पाझरत्या कड्यांवरील शेवाळात मुळे रोवते. हे पाणी पावसाचे आणि नुकतेच खडकावरून उतरलेले असल्याने त्यात क्षार अत्यल्प असतात, आणि ते वाहते असल्याने त्यात प्राणवायू भरपूर असतो. मुळे ओली असतात, पण गुदमरत नाहीत. आपल्याला कुंडीत नेमकी हीच परिस्थिती उभी करायची आहे.

स्लिपर ऑर्किडांच्या एकूण पाच प्रजाती आहेत. भारतात त्यांपैकी हिमालयातील सिप्रिपीडियम आणि मुख्यतः ईशान्येकडील पॅफिओपेडिलम या दोन आढळतात. पॅफिओपेडिलमची ड्रुरी ही एकच जाती दक्षिण भारतात, सह्याद्रीच्या थेट दक्षिण टोकाला अगस्त्यमलईच्या डोंगरांत आहे. महाराष्ट्रात स्लिपर ऑर्किड निसर्गतः नाही. पॅफिओपेडिलम वाढवलेल्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांच्या अमेरिकन बहिणीला पाणीही अधिक लागते आणि उजेडही.

कोणते झाड निवडावे

पहिले झाड घेताना फुलाच्या छायाचित्रावर जाऊ नये, आपल्या घरच्या उन्हाळ्यावर जावे. लाँगिफोलियम ही कोस्टा रिकापासून इक्वाडोरपर्यंत आढळणारी जाती काटक आहे. फुले हिरवट-तपकिरी आणि साधी वाटतात, परंतु एकाच दांड्यावर एकामागून एक कळ्या उमलत राहतात आणि मोठे झाड महिनोन्महिने फुलावर असते. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी मी नवशिक्यास लाँगिफोलियम किंवा तिचे संकर सुचवीन. सेडेनी हा लाँगिफोलियम आणि गुलाबी श्लिमी यांचा संकर लंडनच्या व्हीच रोपवाटिकेत जॉन सेडन यांनी घडवला, त्याची नोंद १८७३ ची आहे, आणि दीडशे वर्षांनंतरही तो लोकांच्या खिडक्यांत फुलतो आहे. त्याच्या टिकाऊपणाविषयी यापेक्षा अधिक सांगायला नको.

बेसी १९८१ मध्ये पेरूमध्ये सापडली आणि त्याच वर्षी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तोवर या प्रजातीत हिरवा, तपकिरी आणि गुलाबी एवढेच रंग ठाऊक होते. शेंदरी-लाल रंगाची ही जाती आल्यावर संकर करणाऱ्यांनी ती जवळजवळ प्रत्येक जातीशी जुळवून पाहिली. तिचा लाँगिफोलियमशी झालेला संकर ‘एरिक यंग’ आणि श्लिमीशी झालेला ‘हॅनी पोपो’ हे दोन्ही शुद्ध बेसीपेक्षा सोपे आहेत. शुद्ध बेसी थंडावा मागते. महाबळेश्वर, पाचगणी किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी ती जरूर लावावी, मुंबई-गोव्याच्या दमट, उबदार रात्रींत ती कुढत राहते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. फॅलेनॉप्सिसप्रमाणे ऊतिसंवर्धनाने एकाच झाडाच्या हजारो हुबेहूब प्रती काढण्याचे तंत्र स्लिपर ऑर्किडांच्या बाबतीत व्यवहारात यशस्वी झालेले नाही. म्हणून बाजारातील झाड एकतर बियांपासून आलेले असते किंवा जुन्या झाडाचा भाग असते. बियांपासून आलेली एकाच संकराची दोन रोपे सख्ख्या भावंडांसारखी असतात : एकाचे फूल नारिंगी, दुसऱ्याचे रक्तवर्णी. शक्य असल्यास फुलावरचे झाड पाहून घ्यावे. त्याला निदान दोन-तीन फुटवे असावेत, ते कुंडीत हलवले असता डगमगू नयेत, आणि पानांची टोके हिरवी असावीत.

पाणी

पानाचे टोक हाच या झाडाचा आरसा आहे. माझ्या पहिल्या लाँगिफोलियमला मी दोन महिने बोअरचे पाणी घातले. प्रथम सर्वांत जुन्या पानाचे टोक पिवळसर झाले; आठवड्याभरात ते तपकिरी होऊन कागदासारखे वाळले, आणि वाळलेल्या व हिरव्या भागांच्या मध्ये एक बारीक, काळपट रेघ उमटली. मी टोक कात्रीने कापले, तर पंधरा दिवसांत ती रेघ कापलेल्या जागेच्या खाली पुन्हा उमटली. पाणी कमी पडते आहे असे समजून मी पाणी वाढवले आणि त्यासोबत क्षारही वाढवले. शेवटी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे दर दशलक्ष भागांतील प्रमाण) मोजणारे मीटर आणून पाणी मोजले, तेव्हा आकडा ६४० आला. कुंडीतून झाड काढले असता मुळांची टोके काळी पडलेली दिसली.

या झाडासाठी पाण्याचा टीडीएस १०० च्या आत असावा आणि ५० च्या आसपास असल्यास उत्तम. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. पहिल्या दोन-तीन पावसांत छपरावरची धूळ वाहून जाऊ द्यावी आणि नंतर पन्हाळीखाली पिंप लावावे. एका मध्यम पिंपात साठलेले पाणी चार-पाच कुंड्यांना बरेच आठवडे पुरते. पावसाचे पाणी संपले की घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र चुकूनही घालू नये, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षार असतात. पाणी उकळून किंवा रात्रभर उघडे ठेवून त्यातील सगळे क्षार निघून जात नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

कुंडी उथळ बशीत ठेवून बशीत एक-दोन सेंटीमीटर पाणी असू द्यावे, परंतु दर वेळी पाणी वरूनच घालावे, म्हणजे ते माध्यमातून उतरताना सोबत हवा खेचते आणि साठलेले क्षार खाली नेते. नुसती बशी भरत राहिल्यास पाणी खालून वर चढते, पृष्ठभागावरून उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. काही महिन्यांत माध्यमावर पांढुरकी बुरशीसारखी दिसणारी पूड जमते, ती बुरशी नसून मीठच असते. बशीतले पाणी दर तिसऱ्या दिवशी पूर्ण ओतून, बशी घासून, नवे भरावे. हा नियम झाडासाठी आहेच, पण त्याहून अधिक घरातल्या माणसांसाठी आहे : डेंग्यू पसरवणारे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि ती अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून घासणे टाळू नये. पावसाच्या पिंपावरही झाकण किंवा बारीक जाळी असावी.

कॉडाटम आणि तिच्या जवळच्या लांब पाकळ्यांच्या जाती या सगळ्याला अपवाद आहेत. त्या झाडांच्या फांद्यांवर आणि निचऱ्याच्या खडकांवर वाढतात; त्यांना बशी देऊ नये आणि वरचा थर किंचित सुकल्यावरच पाणी घालावे.

माध्यम, कुंडी आणि खत

कुंडी प्लॅस्टिकची घ्यावी. मातीच्या कुंडीच्या भिंती पाणी शोषतात आणि क्षार धरून ठेवतात, व मूळ त्या भिंतीला टेकले की तेथे भाजल्यासारखे होते. माध्यम म्हणून पाईनच्या सालीचे बारीक तुकडे पाच भाग, लाकडी कोळसा एक भाग, परलाइट एक भाग आणि कापलेले स्फॅग्नम मॉस एक भाग हे मिश्रण मला मानवले आहे. साल मिळत नसेल, तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. मात्र त्यांत मीठ असते, म्हणून ते तीन दिवस भिजवावेत आणि रोज पाणी बदलावे. शेवटच्या दिवशी त्या पाण्याचा टीडीएस पाहावा आणि तो कमी झालेला नसेल, तर आणखी धुवावे.

सतत ओले राहिलेले माध्यम लवकर कुजून त्याचा गाळ होतो आणि मग मुळांना हवा मिळत नाही, म्हणून दर वर्षी कुंडी बदलावी. नवा फुटवा बोटभर झाला आणि त्याच्या तळाशी मुळांचे कोंब दिसू लागले की ती वेळ योग्य असते. आपल्याकडे पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस सोयीचे. फुटव्याचा तळ माध्यमाच्या पातळीला टेकलेला असावा. तो वर लटकत राहिल्यास नवी मुळे कोरड्या हवेत वाळतात. बेसीचा स्वभाव याबाबतीत अडचणीचा आहे : तिचा प्रत्येक नवा फुटवा आधीच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर येतो, जणू कडा चढत असावा, आणि थोड्याच काळात झाड कुंडीबाहेर टांगलेले दिसते. अशा वेळी फुटव्याच्या तळाभोवती ओले मॉस गुंडाळावे, किंवा कुंडी बदलताना झाड तिरपे लावून नवा फुटवा खाली आणावा. झाड विभागायचे असल्यास प्रत्येक भागात किमान तीन फुटवे ठेवावेत. लोभाने एकेक फुटवा वेगळा केला, तर फुलांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

शुद्ध पाणी वापरतो म्हणजे झाडाला पाण्यातून काहीच मिळत नाही, तेव्हा खत लागतेच, पण ते अतिशय सौम्य. १९:१९:१९ सारखे पाण्यात विरघळणारे खत एका लिटरला पाव ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे. अशा खतात सहसा कॅल्शियम नसते, म्हणून महिन्यातून एकदा त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट त्याच प्रमाणात द्यावे. दोन्ही एका पाण्यात मिसळू नयेत, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून साका तयार होतो. महिन्याच्या अखेरीस कुंडीच्या दुप्पट आकारमानाचे साधे पाणी सावकाश ओतून माध्यम धुऊन काढावे. शेणखत, गांडूळखत, पेंड यांपैकी काहीही या कुंडीत घालू नये. ती इतर झाडांना अमृत असतील, पण येथे माध्यम सडवतात.

उजेड, ऊन आणि पावसाळा

सकाळचे कोवळे ऊन लागणारी पूर्वेची गॅलरी उत्तम. दक्षिण किंवा पश्चिमेस ५० ते ७० टक्के सावली देणारी शेडनेट हवी. पानाचा रंग पाहून अंदाज घ्यावा : पाने गर्द हिरवी आणि लोळणारी असतील तर उजेड कमी आहे, पोपटी आणि ताठ असतील तर पुरेसा आहे, आणि पिवळी पडून मध्ये विटकरी डाग आले तर ऊन जास्त झाले. दिवसा २४ ते २९ आणि रात्री १३ ते १८ अंश सेल्सिअस हे त्यांना आवडणारे तापमान आहे. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर पारा ३८-४० वर जातो, तेव्हा आपण तापमान बदलू शकत नाही, पण झाडाभोवतीची हवा ओली आणि हलती ठेवू शकतो. फरशीवर पाणी शिंपडावे, कुंड्यांमागे ओले गोणपाट टांगावे, लहान पंखा चालू ठेवावा आणि त्या दोन महिन्यांत खत निम्मे करावे.

पावसाळ्यात काळजी वेगळी. मुळांना आवडणारे पाणी पानांच्या बेचक्यात रात्रभर साचले, तर जिवाणूजन्य कुज होते आणि फुटव्याचा गाभा दोन दिवसांत तपकिरी, पाणचट, दुर्गंधी होऊन हातात येतो. म्हणून झाड पत्र्याखाली किंवा पारदर्शक छपराखाली ठेवावे, पाणी सकाळीच घालावे आणि बेचक्यात पाणी राहिले तर कागदाचा बोळा लावून टिपून घ्यावे. कुज दिसताच ज्योतीवर तापवून निवलेल्या पातीने रोगट भाग निरोगी हिरव्या भागापर्यंत कापावा आणि कापलेल्या पानावर दालचिनीची पूड लावावी. ती मुळांवर मात्र पडू देऊ नये, कारण ती मुळे वाळवते. पिठ्या ढेकूण पानांच्या तळाशी लपतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. गोगलगायी रात्री कळ्या खातात. टॉर्च घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय.

फूल

प्रत्येक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो. सहा-सात पाने झाली की मधून दांडा येतो आणि त्याच वेळी बुडाशी पुढचा फुटवा सुरू होतो. पहिले फूल गळाले म्हणून दांडा कापू नये. बहुतेक जातींत त्याच दांड्याच्या टोकाशी पुढची कळी तयार होत असते. दांडा हिरवा आहे तोवर ठेवावा.

कॉडाटमचे फूल उमलताना जवळून पाहावे असे आहे. कळी उघडते तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाकळ्या काही सेंटीमीटरच असतात. त्यानंतर त्या रोज लांबत जातात, पीळ घेत फितीसारख्या खाली उतरतात आणि आठ-दहा दिवसांत ५०-६० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतात. दोऱ्याने रोज सकाळी माप घेऊन वहीत लिहावे, एका दिवसातील वाढ डोळ्यांना दिसण्याइतकी असते. हे करायचे असल्यास झाड उंच जागी टांगून ठेवावे.

समोर पिशवीसारखी दिसणारी पाकळी म्हणजे या फुलाचा ओठ, आणि तो सापळा आहे. कीटक आत घसरतो. कडा आत वळलेल्या असल्याने त्याला आल्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मागच्या बाजूला केसांची एक शिडीसारखी वाट असते, ती चढून तो वर येतो, तेव्हा आधी त्याची पाठ कुक्षीला (पराग स्वीकारणाऱ्या भागाला) घासते आणि मग अरुंद दारातून निघताना पराग पाठीला चिकटतात. हा क्रम उलटा असता तर फुलाचे पराग त्याच फुलावर पडले असते. बेसीच्या पिशवीत अर्धपारदर्शक खिडक्याही असतात. फूल उजेडाकडे धरले की त्या उजळतात. पिअरसीवर ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माश्या येतात, त्या एरवी माव्याजवळ अंडी घालतात, आणि फुलावरचे काळपट ठिपके माव्यासारखे दिसतात असे अभ्यासकांनी मांडले आहे. मध मात्र या माश्यांना फुलातून मिळत नाही.

या सौंदर्याची किंमत जंगलाने मोजलेली आहे. २००२ मध्ये पेरूमध्ये रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलेले एक झाड परवान्याविना अमेरिकेत नेले गेले. सुमारे वीस सेंटीमीटर रुंदीच्या जांभळ्या-गुलाबी फुलाची ती नवी जाती कोवाची या नावाने प्रसिद्ध झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि दरम्यान तिची मूळ ठिकाणे लुटली गेली. १९८९ च्या लोझान येथील परिषदेत ही संपूर्ण प्रजाती साइट्स (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातली गेली असून जंगलातून काढलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. म्हणून रोपवाटिकेत वाढवलेलेच झाड घ्यावे, परदेशातून आणवायचे असल्यास साइट्सची कागदपत्रे, आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि सामानात लपवून एखादे रोप आणून देण्याची कोणी तयारी दाखवली तर स्पष्ट नकार द्यावा.

या प्रजातीचे फूल सुकून गळत नाही. एका सकाळी ते पूर्ण ताजे, रंगही न उतरलेले असे कुंडीशेजारी पडलेले सापडते, आणि नवख्या माणसाला कोणी तोडले असे वाटते. ते उथळ वाडग्यात पाण्यावर सोडले की आणखी दोन-चार दिवस टिकते. पाण्यातून काढल्यावर ते टाकण्याआधी फुलामागचा देठासारखा भाग, म्हणजे अंडाशय, धारदार पात्याने आडवा कापून भिंगाखाली धरावा. पॅफिओपेडिलममध्ये तेथे एकच पोकळी दिसते. येथे पातळ पडद्यांनी वेगळे केलेले तीन कप्पे दिसतात. ‘फ्राग्मा’ म्हणजे ग्रीक भाषेत कुंपण किंवा आडपडदा, आणि १८९६ मध्ये रॉबर्ट रोल्फ यांनी या प्रजातीला नाव दिले ते या पडद्यांवरूनच.